एलईडी बल्ब सारखा का उडतो? नवा लावण्याआधी करायच्या तपासण्या, क्रमाने

खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात, आणि दिवाळीत लावलेला बाथरूमचा बल्ब पावसाळ्याच्या तोंडावर उडतो. मग कंपनी बदलली जाते, त्याच होल्डरमध्ये दुसरा बल्ब, काही महिन्यांनी तिसरा. तोही टिकत नाही. इथे क्रमच उलटा झालेला असतो. एकाच जागेचा बल्ब वारंवार जात असेल तर आधी जागा तपासायची आणि बल्ब त्यानंतर बदलायचा. एलईडी सहसा म्हातारा होऊन मरत नाही. साचलेली उष्णता, होल्डरमधली सैल पिन, ढिला न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) किंवा ओल यांपैकी काहीतरी त्याला मारतं. यातलं कारण जागेवर तसंच राहिलं तर महागातला महाग बल्बही त्याच वाटेने जातो.

खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. त्यातल्या बऱ्याचशा घरच्या घरी होतात. वायरमन कुठे बोलवायचा, तेही त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आधी खोक्यावरचा आकडा समजून घ्या

एलईडीच्या बाबतीत १५,००० किंवा २५,००० तासांचा अर्थ साधारणपणे असा असतो की तेवढ्या वापरानंतर उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. शिवाय हा आकडा सुमारे २५ अंश तापमानाच्या मोकळ्या हवेत धरलेला असतो. मे महिन्यात मुंबईतल्या स्वयंपाकघराच्या छताजवळ, तेही बंद काचेच्या गोळ्यात, बल्बला काय सोसावं लागतं याचा त्या आकड्याशी फारसा संबंध उरत नाही.

दुसरं म्हणजे तो आकडा मुख्यतः उजेड देणाऱ्या चिपचा असतो. प्रत्यक्षात आधी दगा देतो तो बल्बच्या बुडाशी असलेला ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचा प्रवाह चिपला मानवेल असा करून देणारं छोटं सर्किट. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा भाग, उष्णतेने आतून सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. हा एक नियम लक्षात ठेवलात तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडेल.

आता तासांचे दिवस करून बघा. १५,००० तासांचा बल्ब हॉलमध्ये रोज ५ तास लागला तर ३,००० दिवस, म्हणजे आठ वर्षांहून थोडा जास्त चालायला हवा. तोच बल्ब सोसायटीच्या जिन्यात रोज १२ तास जळाला तर १,२५० दिवसांत, म्हणजे साधारण तीन वर्षं पाच महिन्यांत त्याचं आयुष्य संपतं. पार्किंगमध्ये रात्रंदिवस चालू राहिला तर ६२५ दिवसांत. त्यामुळे जिन्यातला बल्ब तीन-साडेतीन वर्षांनी गेला तर तक्रारीला जागा नाही. हॉलमधला वर्षभरात गेला तर नक्कीच काहीतरी बिघडलेलं आहे.

घरात अजून सीएफएल असेल तर त्याचा हिशेब वेगळा. त्यावर बहुधा ६,००० ते १०,००० तास लिहिलेले असतात आणि वारंवार चालू-बंद केल्याने ते भराभर कमी होतात. संडास-बाथरूममध्ये सीएफएल लावणं म्हणूनच चूक. एलईडीला चालू-बंद करण्याचा असा त्रास होत नाही.

टप्पा १: कोणती जागा बल्ब खाते, ते लिहून काढा

एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येक दिव्याची जागा, बल्ब कधी लावला, किती वॅटचा, उघडा आहे की झाकणात आणि रोज अंदाजे किती तास चालतो, एवढं लिहा. तारीख आठवत नसेल तर बिल शोधा. तेही नसेल तर आजपासून सुरुवात करा.

हा कागद भरल्यावर बहुतेक घरांत तीन चित्रांपैकी एक दिसतं. एकाच जागचे बल्ब जात असतील तर होल्डर, वायर किंवा झाकण तपासायचं. एकाच बोर्डावरचे सगळे दिवे त्रास देत असतील तर त्या बोर्डाकडे जाणारा न्यूट्रल संशयित. घरभरचे बल्ब, त्यातही एकाच दिवशी दोन-तीन गेले असतील तर व्होल्टेजचा प्रश्न आहे. त्या वेळी शेजाऱ्यांकडेही विचारा. त्यांच्याकडेही गेले असतील तर टप्पा ५ आधी वाचा, बाकीचं नंतर.

टप्पा २: गेलेला बल्ब फेकू नका, तो वाचा

पहिली गोष्ट: तो बल्ब दुसऱ्या, नीट चालणाऱ्या होल्डरमध्ये लावून बघा. ही एवढी साधी तपासणी लोक करत नाहीत आणि चांगले बल्ब कचऱ्यात जातात. तिथे लागला तर बल्ब ठणठणीत आहे, दोष पहिल्या होल्डरचा. सरळ टप्पा ३ आणि ४ कडे जा.

लागला नाही तर बल्बची टोपी, म्हणजे धातूचं बूड बघा. खालच्या दोन टिकल्यांवर काळे खड्डे किंवा जळका डाग असेल तर होल्डरमध्ये ठिणग्या पडत होत्या. टिकल्या स्वच्छ असतील तर दोष आत आहे.

आत बघायचं असेल तर बल्ब होल्डरमधून काढून १५ मिनिटं बाजूला ठेवा. कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज राहू शकतो. मग वरचा पांढरा प्लास्टिकचा घुमट कडेने अलगद पिळून काढा. आत एका चकतीवर पिवळ्या चौकोनी चिप दिसतील. त्या एकामागे एक अशा साखळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की सगळा बल्ब अंधारतो.

एखाद्या चिपवर मधोमध काळा ठिपका दिसला तर ती चिप भाजली आहे. बहुतेक वेळा कारण उष्णता, कधी जास्तीचा प्रवाह. चिप सगळ्या स्वच्छ, पण आतल्या भागावर काजळी, जळका वास किंवा फुटलेला भाग दिसला तर व्होल्टेजचा झटका बसला आहे. बल्ब जाण्याआधी काही दिवस गरम झाल्यावर बंद पडत होता आणि थोड्या वेळाने पुन्हा लागत होता का, हेही आठवा. गरम होऊन फुगल्यावर आतला एखादा जोड सुटतो, थंड झाला की परत टेकतो. म्हणजे पुन्हा उष्णताच. उजेड हळूहळू कमी होत, थरथरत गेला असेल तर कपॅसिटर सुकला असण्याची शक्यता जास्त.

खबरदारी: घुमट काढलेला बल्ब पुन्हा होल्डरमध्ये लावून बघू नका. आतल्या उघड्या भागांवर थेट २३० व्होल्ट असू शकतात. वीज गेल्यावर आपोआप लागणाऱ्या चार्जिंगच्या बल्बमध्ये बॅटरी असते, तो उघडूच नका. सीएफएलही उघडायचा नाही, त्यात पारा असतो.

टप्पा ३: वीज बंद करा, आणि बंद झाली याची खात्री करा

दिव्याचं बटन बंद केलं म्हणजे होल्डर मेला, हे गृहीत धरणं ही या सगळ्या कामातली सर्वांत धोकादायक चूक आहे. जुन्या चाळींत आणि इमारतींत बटन फेजऐवजी (वीज आणणारी, झटका देणारी तार) न्यूट्रलवर बसवलेलं सर्रास सापडतं. तिथे बटन बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असतो.

क्रम असा ठेवा:

१. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून बघा. तो पेटतोय याची खात्री करा.

२. घराचा मेन स्विच बंद करा. एकेरी एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) फक्त फेज तोडतो, मेन स्विच दोन्ही तारा तोडतो. जुन्या किटकॅट फ्यूजचा बोर्ड असेल तर मेन पाडल्यावर फ्यूजच्या ग्रिपही काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरं कोणी बसवणार नाही.

३. बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. दोन्हीकडे अंधार हवा.

४. टेस्टर एखाद्या दुसऱ्या, नक्की चालू असलेल्या प्लगवर पुन्हा पेटवून बघा, उदाहरणार्थ शेजारच्या घरात. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर हे चौथं पाऊल वाचवतं.

कोरडी रबरी चप्पल घाला, लाकडी किंवा फायबरच्या शिडीवर चढा. फिरत्या खुर्चीवर किंवा बादली उलटी करून चढू नका. ओल्या बाथरूममध्ये फरशी पुसून कोरडी झाल्यावरच काम सुरू करा. हात लावायला भीती वाटत असेल तर इथेच थांबून परवानाधारक वायरमनला बोलवा आणि पुढचे टप्पे त्याच्याकडून करून घ्या.

टप्पा ४: होल्डर

आपल्याकडच्या साध्या बल्बचा होल्डर म्हणजे दाबून फिरवायचा, दोन स्प्रिंगच्या पिनांचा. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत ह्या पितळी पिना हिरवट-काळ्या पडतात आणि स्प्रिंग गंजून ढिली होते. पिन टिकलीला जेमतेम टेकते, तिथे सूक्ष्म ठिणग्या पडत राहतात. डोळ्यांना कदाचित नुसती लुकलुक दिसेल, पण ड्रायव्हरला दर ठिणगीसोबत एक धक्का बसतो. जुन्या साठ वॅटच्या गोळ्याला याचं काही वाटत नसे, म्हणून तोच होल्डर वीस वर्षं बिनतक्रार चालला होता. एलईडीत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्याला हे सोसत नाही.

मेन बंद असताना एका लाकडी काडीने दोन्ही पिना एकेक करून दाबा. दोन्ही सारख्याच जोराने परत उसळल्या पाहिजेत. एखादी आत अडकली, तिरकी झाली किंवा दुसरीपेक्षा खोल बसली तर होल्डर बदला. बेकेलाइटला तडा गेला असेल, आत काजळी असेल, बल्ब लावल्यावर तो हलत असेल, तरी बदला. नुसता मळ असेल तर बारीक पॉलिश पेपरने पिनांची टोकं हलकेच घासून कोरड्या फडक्याने पुसा. पाणी, तेल किंवा साबण अजिबात नको. होल्डर ही घरातली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. जपण्यापेक्षा बदलण्यात शहाणपण आहे.

बदलताना लोक चुकतात ते वायरच्या टोकाशी. आवरण ८ ते १० मिलिमीटरच सोला. बारीक तारांची वायर असेल तर सगळ्या तारा एकत्र पिळून दुहेरी दुमडा आणि मग भोकात घालून स्क्रू घट्ट करा. स्क्रूखाली आवरण दबता कामा नये, बाहेर एकही मोकळी तार दिसता कामा नये. घट्ट झाल्यावर वायर ओढून बघा. दोन पिनांच्या होल्डरमध्ये फेज कुठल्याही पिनेला चालतो. आट्यांच्या होल्डरमध्ये मात्र फेज मधल्या टिकलीलाच हवा, बाहेरच्या आट्यांना न्यूट्रल. उलटं झालं तर बल्ब लागेल, पण फिरवताना आट्यांना बोट लागलं की झटका बसेल.

जुन्या इमारतीत छतातून ॲल्युमिनियमची वायर आलेली असते आणि तिला पुढे तांब्याची वायर नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. दमट हवेत या दोन धातूंचा जोड खराब होत जातो आणि तापतो. तो पुन्हा घट्ट पिळून उपयोग नाही. वायरमनकडून तेवढी वायर बदलून तांब्याची एकसंध ओढून घ्या.

एका होल्डरमधून दोन बल्ब किंवा बल्ब आणि प्लग काढणारे जोडही इथेच शोधा. गणपतीच्या रोषणाईसाठी लावलेला असा जोड पुढे वर्षभर तिथेच लटकतो. त्याच्या वजनाने होल्डरच्या पिना एका बाजूला दबतात आणि संपर्क जातो. काढून टाका.

तपासणी: नवा होल्डर बसवून मेन चालू केल्यावर बल्ब लावा आणि होल्डरच्या वायरला लाकडी काडीने हलकं ढकलून बघा. उजेड जरासाही थरथरला तर जोड अजून ढिला आहे. मेन बंद करून पुन्हा उघडा.

टप्पा ५: न्यूट्रल आणि व्होल्टेज

या टप्प्याला मल्टिमीटर लागतो. एसी व्होल्टचा सर्वांत वरचा पल्ला निवडा, बहुतेक मीटरवर तो ६०० किंवा ७५० असतो. लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना, हे दोनदा बघा. ती अँपियरच्या भोकात राहिली आणि टोकं प्लगमध्ये घातली तर शॉर्टसर्किट होतं. मीटर वापरायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, पण कुठल्या वेळचे आकडे हवेत ते त्याला सांगा.

ज्या बोर्डावरचा दिवा जातो त्याच बोर्डाच्या प्लगमध्ये तीन वेळा मोजा: दुपारी, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान आणि रात्री अकरानंतर. साधारण २१५ ते २४५ च्या आत आकडा असेल तर व्होल्टेजला दोष देऊ नका. रात्री उशिरा इमारतीतला भार उतरल्यावर तो २५० च्या वर चढत असेल तर नोंद करून वीज कंपनीकडे तक्रार करा.

मग भाराची चाचणी. मीटर लावलेला ठेवून गीझर किंवा इस्त्री चालू करायला सांगा. दोन-चार व्होल्ट उतरणं स्वाभाविक आहे. दहापेक्षा जास्त उतरत असेल किंवा आकडा नाचत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे. आकडा वर चढला तर मात्र गंभीर आहे.

वर चढण्याचं कारण असं: इमारतीत तीन फेज येतात आणि वेगवेगळी घरं वेगवेगळ्या फेजवर वाटलेली असतात, न्यूट्रल सगळ्यांचा सामायिक. मीटर रूममध्ये किंवा केबलमध्ये हा सामायिक न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की घरांमधलं व्होल्टेज भाराप्रमाणे आपसांत वाटलं जातं. कमी भाराच्या घरात ते २३० वरून ३०० च्या पुढे, अगदी ४०० च्या जवळही जाऊ शकतं, तर जास्त भाराच्या घरात दिवे मिणमिणतात. एकाच मजल्यावर एका घरात टीव्ही, फ्रिज, बल्ब जळतात आणि शेजारी पंखा रेंगाळतो, ते यामुळे.

खबरदारी: दिवे अचानक झगझगीत झाले किंवा काही दिवे प्रखर आणि काही मंद झाले, तर तपासत बसू नका. त्या क्षणी मेन बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि पुरवठा कंपनीला कळवा. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. तक्रार क्रमांक वीजबिलावर छापलेला असतो. तो मेन स्विचच्या शेजारी मोठ्या आकड्यांत चिकटवून ठेवा, अंधारात बिल शोधावं लागणार नाही. मीटर रूमचं दार स्वतः उघडून आत हात घालू नका.

आकडे ठीक आहेत, पण एकाच बोर्डावरचे दिवे लुकलुकतात, असं असेल तर त्या बोर्डातला न्यूट्रलचा जोड तपासून घ्यायचा. बोर्ड उघडल्यावर वायरमन बटनांच्या बाजूचे फेजचे स्क्रू हमखास कसतो आणि न्यूट्रलचा पिळलेला, टेप मारलेला जोड तसाच सोडतो. तो उघडून कनेक्टरमध्ये घट्ट करायला आवर्जून सांगा.

बंद केल्यावरही बल्ब अंधुक चमकत राहतो, त्याचं काय? एक तर बटन न्यूट्रलवर आहे, नाहीतर बटनात छोटा लाल इंडिकेटर आहे. कधीकधी दोन वायरी लांबवर एकमेकींना लागून गेल्यामुळेही थोडा प्रवाह उतरतो. बटन न्यूट्रलवर असेल तर ते फेजवर घ्यायलाच हवं. बल्बच्या आयुष्यापेक्षा तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न मोठा आहे.

टप्पा ६: उष्णता आणि ओल

एलईडी कमी वीज खातो म्हणून तो थंड असतो, हा समज फार पसरलेला आहे. ९ वॅटच्या बल्बमध्ये गेलेल्या विजेचा अर्ध्याहून जास्त भाग उष्णतेतच जातो. जुन्या गोळ्याची उष्णता किरणांनी समोर फेकली जायची. एलईडीची उष्णता मात्र बुडाकडे, ड्रायव्हरच्याच शेजारी साठते आणि अंगावरून हवा वाहिली तरच निघते. छताला लटकणाऱ्या बल्बचं बूड वर असतं आणि गरम हवाही वरच चढते. त्यावर काचेचा बंद गोळा लावला की ड्रायव्हर भट्टीत बसतो.

म्हणून प्रत्येक झाकण असलेला दिवा उघडून बघा. बल्बच्या सभोवती सगळीकडून निदान ५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि हवा बाहेर पडायला फट हवी. तसं नसेल तर तीन उपाय: झाकण काढा, वॅट कमी करा (९ च्या जागी ७ किंवा ५), किंवा तो गोळाच काढून एलईडी आतच बसवलेली छताची चकती लावा, तिची मागची धातूची पाठ उष्णता बाहेर टाकते. गोळा सुंदर आहे म्हणून त्यात १२ वॅटचा बल्ब कोंबणं, हे काही महिन्यांत बल्ब घालवण्याचं सर्वांत खात्रीचं कारण आहे.

पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावरच्या तापणाऱ्या स्लॅबखाली बल्ब छताला चिकटून लावू नका. लटकता होल्डर घेऊन तो फूटभर खाली सोडा. गॅसच्या बरोबर वर दिवा असेल तर बाजूला सरकवा. ते जमत नसेल तर फोडणीच्या तेलाचा चिकट थर महिन्यातून एकदा, बल्ब बंद आणि गार झाल्यावर, कोरड्या फडक्याने पुसा. हा थर उजेडही खातो आणि उष्णताही अडवतो. लाकडी देवघराच्या कप्प्यात ९ वॅट कशाला? अर्धा ते तीन वॅट पुरतो.

फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांना ड्रायव्हर वेगळा, वायरने जोडलेल्या डबीत असतो. ती डबी दिव्याच्या पाठीवरच पडलेली असते आणि दोघं एकमेकांना तापवतात. हाताने ती हातभर लांब सरकवा. ड्रायव्हर बदलताना त्यावरचा मिलिअँपियरचा आकडा जुन्याइतकाच हवा, वॅट जुळले एवढ्यावर घेऊ नका. आणि दिव्याची पिन ड्रायव्हरला जोडताना वीज बंदच हवी. चालू ड्रायव्हरला दिवा जोडला की आत साठलेलं जास्तीचं व्होल्टेज एकदम चिपवर येतं आणि नवा दिवा पहिल्याच क्षणी जाऊ शकतो.

ओलीचं म्हणाल तर बाथरूम आणि उघडी गॅलरी या दोनच जागा खऱ्या. गरम पाण्याची वाफ बल्बच्या फटीतून आत जाते, वीज बंद झाली की थंड होऊन आत पाणी धरते. बाथरूमचा दिवा शॉवरपासून लांब, दारावर घ्या आणि आंघोळीनंतर दार उघडं किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. पावसाची झड येणाऱ्या गॅलरीत साधा बल्ब चालतच नाही. तिथे रबरी गास्केटचा, आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाऊ न देणारा) लिहिलेला बंद दिवा लावा. इथे झाकण हवं आहे, कारण तो दिवा त्या झाकणासकट बनवलेला आहे.

जुना पंखा-दिवा दोन्ही चालवणारा रेग्युलेटर किंवा डिमर वाटेत असेल तर साधा एलईडी त्यावर लावू नका. खोक्यावर डिमरवर चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, नाहीतर डिमर काढून साधं बटन बसवा. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवरही हलके बल्ब लवकर जातात.

टप्पा ७: आता बल्ब घ्या

लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घ्या किंवा नाक्यावरच्या दुकानातून, बिल आणि खोकं दोन्ही घ्या. सुटे, बिनखोक्याचे बल्ब डझनाने स्वस्त पडतात, पण त्यांना हमी नसते आणि आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

खोक्यावर हे शोधा: आयएस १६१०२ (एलईडी बल्बचं भारतीय मानक) आणि त्यासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल, वॅटसोबत ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचा आकडा (९ वॅटला ९०० च्या आसपास हवा), व्होल्टेजचा पल्ला आणि हमीची मुदत. पल्ला फक्त २२०–२४० लिहिलेला असेल आणि टप्पा ५ मध्ये तुमच्या घरचा आकडा वरखाली आढळला असेल तर १४०–३०० सारखा रुंद पल्ला असलेला घ्या. व्होल्टेजचा झटका किती किलोव्होल्टपर्यंत सोसतो ते लिहिलेलं असेल तर २.५ पेक्षा ४ चांगला. बंद झाकणात वापरू नये, अशी बारीक अक्षरांतली सूचना बहुतेक खोक्यांवर असते. ती वाचूनच जागा ठरवा. पॉवर फॅक्टरचा (बल्ब घेतलेल्या विजेचा किती नीट वापर करतो, त्याचा आकडा) टिकण्याशी संबंध नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

तासांचा आकडा बघून निवड करू नका. माझ्या मते हमीचे महिने हा त्याहून खरा आकडा आहे, कारण तो कंपनीला पैशांनी निभवावा लागतो.

जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब टाकणार असाल तर चोक आणि स्टार्टर तसाच ठेवून चालेल का, हे ट्यूबवरच्या जोडणीच्या चित्रात बघा. बहुतेक ट्यूबना दोन्ही काढून थेट जोडणी लागते. अख्खी एलईडी पट्टी घेणं यापेक्षा सोपं पडतं.

टप्पा ८: लावणं आणि लक्ष ठेवणं

बटन बंद ठेवून बल्ब लावा. घुमटाला धरून पिळू नका, तो बुडापासून सुटतो. खालच्या घट्ट भागाला धरून दाबा, फिरवा आणि सोडल्यावर तो सरळ बसला का बघा. लावण्याआधी बुडाजवळच्या पांढऱ्या पट्ट्यावर पक्क्या शाईच्या पेनाने तारीख आणि जागा लिहा. बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण बिलाची शाई वर्षभरात उडते आणि दुकानदार कोऱ्या कागदावर हमी देत नाही.

पहिल्या दिवशी तासभर चालवून बघा. गुणगुण, थरथर किंवा प्लास्टिकचा वास आला तर तेव्हाच परत करा. महिन्याने एकदा, बटन बंद करून गार झाल्यावर, बल्ब काढून टिकल्या बघा. त्या चकचकीत असतील तर होल्डर ठीक आहे. काळपट ठिपके दिसायला लागले असतील तर बल्ब अजून चालू असतानाच होल्डर बदला.

दुसरी एक तपासणी वर्षातून एकदा: त्याच वॅटचा नवा बल्ब त्याच होल्डरमध्ये लावून भिंतीवरचा उजेड जुन्याशी ताडून बघा. फरक डोळ्यांत भरत असेल तर जुना बल्ब मोरीत किंवा माळ्यावर हलवा आणि अभ्यासाच्या टेबलावर नवा लावा. डोळ्यांना हळूहळू कमी होणाऱ्या उजेडाची सवय होते, म्हणून मुलं मंद दिव्याखाली वाचत राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

टप्पा ९: गेलेले बल्ब

हमीत असेल तर तारीख, बिल आणि बल्ब घेऊन दुकानात जा. घुमट उघडलेला बल्ब सहसा बदलून मिळत नाही, म्हणून टप्पा २ मधलं आत बघण्याचं काम हमी संपलेल्या बल्बवरच करा.

बाकीचे एलईडी एका खोक्यात साठवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. सीएफएल आणि जुन्या ट्यूब वेगळ्या, पुठ्ठ्यात गुंडाळून. सीएफएल फुटला तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, त्याने पारा आणि पूड हवेत उडते. तुकडे जाड कागदाने उचला, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसून तो कागदही तुकड्यांसोबत झाकणाच्या बरणीत बंद करा, आणि ती बरणी ई-कचऱ्यातच द्या.